आग्रितुरिस्मो

आग्रितुरिस्मो ही इटलीतील शेतीनिवासी पर्यटनाची व्यवस्था आहे. प्रत्यक्ष कसल्या जाणाऱ्या शेतीवर, शेतकरी कुटुंबाच्या घरी किंवा त्याच्या आवारातील जुन्या इमारतींमध्ये पाहुण्यांच्या निवासाची, भोजनाची आणि विरंगुळ्याची सोय करणे, असे तिचे स्वरूप आहे. इटालियन भाषेतील ‘आग्रिकोल्तुरा’ (शेती) आणि ‘तुरिस्मो’ (पर्यटन) या दोन शब्दांच्या संयोगातून हा शब्द तयार झाला. व्यवसाय आणि तो चालतो ते ठिकाण, या दोहोंसाठी तो वापरला जातो.

शेतघरी सुट्टी घालवण्याची पद्धत युरोपातील अनेक देशांत आहे. इटलीचे वेगळेपण असे की, तेथे या व्यवसायाला १९८५ पासून स्वतंत्र राष्ट्रीय कायदा आहे आणि ‘आग्रितुरिस्मो’ हे नाव लावण्याचा अधिकार केवळ शेतकऱ्याला आहे. शेती हा मुख्य व्यवसाय आणि पाहुणचार हा त्याला जोडलेला पूरक व्यवसाय, हे या कायद्याचे मूलतत्त्व होय. इटलीच्या राष्ट्रीय सांख्यिकी संस्थेच्या नोंदींनुसार अशा शेतघरांची संख्या २००३ मध्ये सुमारे १३,०००, २०१० मध्ये सुमारे २०,००० होती आणि २०२० नंतर ती २५,००० च्या वर गेली आहे.

पार्श्वभूमी

दुसऱ्या महायुद्धानंतर इटलीच्या ग्रामीण भागात जे स्थित्यंतर झाले, त्यात या व्यवस्थेची मुळे आहेत. १९५१ मध्ये देशातील काम करणाऱ्या लोकांपैकी चाळीस टक्क्यांहून अधिक लोक शेतीवर होते. १९७१ पर्यंत हे प्रमाण वीस टक्क्यांच्या खाली आले. मिलान, तोरिनो व जेनोवा या औद्योगिक शहरांकडे आणि देशाबाहेर जर्मनी, स्वित्झर्लंड व बेल्जियमकडे तरुणांचा ओघ लागला. डोंगराळ भागातील गावे ओस पडू लागली.

तोस्काना, उंब्रिया आणि मार्के या मध्य इटलीतील प्रदेशांत या स्थित्यंतराला आणखी एक पदर होता. तेथे अनेक शतके ‘मेत्साद्रिया’ नावाची अर्धेलीची पद्धत रूढ होती. जमीनदार जमीन आणि घर देई, शेतकरी कुटुंब श्रम करी आणि उत्पन्न निम्मे-निम्मे वाटून घेतले जाई. कुटुंबाने कसायच्या जमिनीच्या तुकड्याला ‘पोदेरे’ म्हणत. प्रत्येक पोदेरेवर एक दगडी घर असे. तळमजल्यावर बैलांचा गोठा व कोठार, वर राहण्याच्या खोल्या आणि बाजूला गवताची वखार, अशी त्याची सर्वसाधारण रचना होती. शेतकरी गावठाणात न राहता आपल्या शेतातच राहत असल्यामुळे टेकड्यांवर अशी सुटी घरे दूरदूर विखुरलेली होती.

१९६४ च्या कायद्याने मेत्साद्रियाचे नवे करार करण्यास बंदी आली आणि १९८२ च्या कायद्याने उरलेले करार खंडाच्या करारांत बदलण्याची तरतूद केली. तोवर बहुतेक अर्धेलकरी कुटुंबांनी शेती सोडली होती. परिणामी हजारो भक्कम दगडी घरे रिकामी पडली. त्यांतील काही कोसळली, तर काही शहरातील व परदेशातील श्रीमंतांनी सुट्टीची घरे म्हणून विकत घेतली. शेतीत टिकून राहिलेल्या कुटुंबांपुढे दोन प्रश्न होते: अपुऱ्या उत्पन्नाला जोड कशाची द्यायची आणि या इमारतींचे काय करायचे? आग्रितुरिस्मोने या दोन्ही प्रश्नांना एकच उत्तर दिले.

इतिहास

या क्षेत्रातील पहिली राष्ट्रीय संघटना ‘आग्रितुरिस्त’ ही १९६५ मध्ये स्थापन झाली. तोस्कानातील जमीनमालक सिमोने व्हेल्लुती झाती हे तिचे संस्थापक होत. पुढे इतर शेतकरी संघटनांनीही आपापल्या शाखा काढल्या. कोल्दिरेत्ती या मोठ्या शेतकरी महासंघाची ‘तेर्रानोस्त्रा’ ही संघटना १९७३ मध्ये सुरू झाली. आल्प्स पर्वतातील त्रेन्तो व बोल्झानो या स्वायत्त प्रांतांनी राष्ट्रीय कायद्याच्या आधीच, १९७० च्या दशकात, या विषयावर स्वतःचे नियम केले. त्याच दशकात सार्दिनिया बेटावर ओरिस्तानो परिसरातील शेतकरी स्त्रियांच्या सहकारी संस्थेने आपल्या सभासदांच्या घरी पाहुणे ठेवण्यास सुरुवात केली.

५ डिसेंबर १९८५ रोजी संमत झालेल्या ७३० क्रमांकाच्या कायद्याने या व्यवसायाला देशभर मान्यता मिळाली. शेतकऱ्याला गावातच राहता यावे, ग्रामीण इमारतींचा योग्य वापर व्हावा, पर्यावरणाचे रक्षण व्हावे, स्थानिक पदार्थ व परंपरा टिकाव्यात आणि शहर व खेडे यांच्यातील संबंध वाढावेत, ही या कायद्याची घोषित उद्दिष्टे होती. २० फेब्रुवारी २००६ च्या ९६ क्रमांकाच्या कायद्याने त्याची जागा घेतली. मात्र २००१ मधील घटनादुरुस्तीनंतर शेती व पर्यटन हे विषय प्रामुख्याने प्रादेशिक शासनांकडे गेले होते. त्यामुळे २००७ मध्ये घटनात्मक न्यायालयाने नव्या कायद्यातील काही तरतुदी रद्द केल्या. आज राष्ट्रीय कायदा सर्वसाधारण चौकट ठरवतो, तर खोल्या व पाहुणे यांची कमाल संख्या आणि जेवणातील स्वतःच्या उत्पादनांचे किमान प्रमाण यांसारखे तपशील प्रत्येक प्रदेश आपल्या कायद्याने ठरवतो.

कायदेशीर चौकट

आग्रितुरिस्मोचा परवाना शेतकऱ्यालाच मिळतो. शेतजमीन नसलेल्या किंवा शेती न करणाऱ्या व्यक्तीने खेड्यात घर घेऊन पाहुणे ठेवले, तर त्या ठिकाणाला ‘सुट्टीचे घर’ किंवा ‘बेड अँड ब्रेकफास्ट’ असे म्हणता येते. आग्रितुरिस्मो म्हणता येत नाही. कायद्यात पुढील चार प्रकारच्या सेवांना स्थान आहे:

खोल्यांमध्ये, स्वयंपाकघर असलेल्या स्वतंत्र सदनिकांमध्ये किंवा तंबू व फिरत्या घरांसाठी राखलेल्या मोकळ्या जागेत निवास.
मुख्यतः स्वतःच्या शेतातील व परिसरातील इतर शेतांतील उत्पादनांपासून केलेले भोजन आणि पेये.
वाइन, ऑलिव्ह तेल, चीज, मध इत्यादी उत्पादनांची चव घेण्याचे कार्यक्रम.
मनोरंजन, शिक्षण, क्रीडा, पदभ्रमण व घोडेस्वारी यांसारखे उपक्रम.

या सेवांना दोन अटी लागू होतात. पहिली अट जोडणीची आहे: पाहुणचार हा त्या शेतीशी निगडित असला पाहिजे, म्हणजे इमारत, जमीन आणि उत्पादन त्याच शेतीचे असावे. निवासासाठी शेतावर आधीपासून असलेल्या इमारतीच वापरायच्या असतात. दुसरी अट प्राधान्याची आहे: शेतीचे काम हे पाहुणचाराच्या कामापेक्षा अधिक असले पाहिजे. ही तुलना पैशांत होत नाही. प्रामुख्याने कामाला लागणाऱ्या वेळावरून ती केली जाते. पाच हेक्टर द्राक्षमळा किंवा दहा गाई यांना वर्षभरात किती तास काम लागते याचे कोष्टक प्रादेशिक शासन प्रसिद्ध करते आणि त्या प्रमाणात पाहुण्यांची संख्या ठरते. ज्या शेतकऱ्याकडे एका वेळी दहापेक्षा अधिक पाहुणे नसतात, त्याच्या बाबतीत शेती हाच मुख्य व्यवसाय आहे असे गृहीत धरले जाते.

उत्पन्नाऐवजी वेळ मोजण्यामागील कारण सरळ आहे. डोंगरउतारावरील लहान शेतीत श्रम पुष्कळ आणि पैसा थोडा असतो. उत्पन्नाची तुलना केली असती, तर ज्यांना जोडधंद्याची सर्वाधिक गरज आहे, तेच शेतकरी अपात्र ठरले असते.

करआकारणीतही सवलत आहे. १९९१ च्या कायद्यानुसार वैयक्तिक शेतकऱ्याला या व्यवसायातील एकूण जमेच्या २५ टक्के रक्कम हेच करपात्र उत्पन्न धरण्याचा पर्याय आहे. प्रत्यक्ष खर्चाचा तपशील त्याला द्यावा लागत नाही. ज्या हॉटेलचालकांना ही सवलत नाही, ते तिच्यावर आक्षेप घेत आले आहेत.

स्वरूप

निवास

निवासाचे दोन मुख्य प्रकार आढळतात. पहिल्यात पाहुणे शेतकऱ्याच्या घरातील खोलीत राहतात आणि न्याहारी किंवा रात्रीचे जेवण तेथेच घेतात. दुसऱ्यात गोठा, गवताची वखार किंवा अर्धेलकऱ्याचे जुने घर यांचे रूपांतर करून तयार केलेल्या सदनिकेत ते स्वतंत्रपणे राहतात आणि स्वतः स्वयंपाक करतात. लहान मुले असलेली कुटुंबे बहुधा दुसरा प्रकार निवडतात. उन्हाळ्यात, विशेषतः १५ ऑगस्टच्या ‘फेर्रागोस्तो’ या राष्ट्रीय सुट्टीच्या आसपास, अनेक ठिकाणी शनिवार ते शनिवार असे पूर्ण आठवड्याचेच आरक्षण स्वीकारले जाते. वसंत व शरद ऋतूंत एक-दोन रात्रींचा मुक्कामही मिळतो.

भोजन

सर्वच आग्रितुरिस्मोंमध्ये जेवण मिळते असे नाही. बोल्झानो प्रांतात आणि तोस्कानात निवासाला महत्त्व आहे. लोंबार्दिया, एमिलिया-रोमान्या इत्यादी प्रदेशांत अनेक शेतघरे मुख्यतः भोजनासाठी प्रसिद्ध आहेत आणि जवळच्या शहरांतील कुटुंबे रविवारी दुपारी तेथे जेवायला जातात. अनेक ठिकाणी निवडीसाठी पदार्थांची लांबलचक यादी नसते. त्या दिवशी जे शिजले असेल ते सर्वांना वाढले जाते. हाताने केलेला पास्ता, शेतातील भाज्या, घरचे चीज, मांसाचे पदार्थ आणि घरची वाइन असा साधारण क्रम असतो. इटलीच्या ग्रामीण स्वयंपाकात कडधान्ये, पाव व पालेभाज्या यांचे पदार्थ भरपूर असल्यामुळे शाकाहारी पाहुण्यांची सोय होऊ शकते. मात्र स्वयंपाक मोजक्या माणसांपुरता होत असल्याने तसे आधी कळवावे लागते.

मुले आणि शेतीची कामे

कुटुंबांसाठी या सुट्टीचे मुख्य आकर्षण म्हणजे प्राणी आणि हंगामी कामे. जून-जुलैमध्ये गवताची कापणी, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये द्राक्षतोडणी, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये ऑलिव्हची तोडणी आणि आल्प्समधील खोऱ्यांत शरद ऋतूच्या आरंभी सफरचंदांची काढणी, अशी कामे असतात. पाहुण्यांनी काम करावे अशी अपेक्षा नसते. अंडी गोळा करणे, गाईला वैरण घालणे, पाव भाजणे अशा कामांत मुलांना सहभागी करून घेतले जाते. शाळांच्या सहलींसाठी नोंदणी झालेल्या शेतांना ‘फात्तोरिया दिदात्तिका’, म्हणजे ‘शैक्षणिक शेत’, असे म्हणतात. त्यांत धान्यापासून पावापर्यंत किंवा दुधापासून चीजपर्यंतचा प्रवास मुलांना करून दाखवला जातो.

चालती शेती हे खेळाचे मैदान नव्हे. ट्रॅक्टर, शेततळी, विळे-कोयते आणि मोठी जनावरे यांच्यापासून धोका संभवतो. गाई, शेळ्या व मेंढ्या यांच्या विष्ठेतून लहान मुलांना आतड्यांचे गंभीर संसर्ग होऊ शकतात. त्यामुळे जनावरांना हात लावल्यानंतर साबणाने हात धुणे आणि लहान मुलांना न तापवलेले दूध न देणे, या गोष्टी आवश्यक मानल्या जातात.

दर्जा दाखवणाऱ्या खुणा

२०१३ पासून निवासाची सोय असलेल्या शेतघरांसाठी देशभर समान वर्गवारी ठरवण्यात आली. हॉटेलांच्या ताऱ्यांप्रमाणे येथे एक ते पाच सूर्यफुले दिली जातात. सुखसोयींबरोबरच परिसर, शेतीचे स्वरूप आणि पाहुण्यांना शेतीशी जोडणारे उपक्रम यांचाही विचार त्यात होतो.

प्रादेशिक वैविध्य

तोस्काना आणि बोल्झानो या दोन ठिकाणी आग्रितुरिस्मोंची संख्या सर्वाधिक आहे. दोहोंचे स्वरूप मात्र अगदी भिन्न आहे.

तोस्कानात द्राक्षमळे, ऑलिव्हच्या बागा आणि अर्धेलीच्या काळातील दगडी घरे हा मुख्य आधार आहे. फिरेन्झे, सिएना व पिसा ही कलेसाठी प्रसिद्ध असलेली शहरे जवळ असल्यामुळे परदेशी पाहुण्यांचे प्रमाण मोठे आहे. काही शेते शेकडो हेक्टरांची असून त्यांवर अनेक घरे असतात.

बोल्झानो प्रांतात, म्हणजे दक्षिण तिरोलमध्ये, बहुसंख्य लोक जर्मन भाषक आहेत. तेथील शेते लहान आणि डोंगरउतारावर वसलेली आहेत. मोजक्या गाई, गवताळ कुरणे, खालच्या खोऱ्यात सफरचंदाच्या किंवा द्राक्षांच्या बागा आणि पाहुण्यांसाठी तीन-चार सदनिका, असे त्यांचे रूप असते. तेथील शेतकरी संघटनेने १९९० च्या दशकाच्या अखेरीस ‘लाल कोंबडा’ हे बोधचिन्ह सुरू केले आणि सभासद शेतांचा प्रचार एकत्रितपणे केला. शरद ऋतूत शेतघरांतून भाजलेले चेस्टनट आणि नवी वाइन देण्याची ‘त्योर्गेलेन’ ही प्रथा तेथे लोकप्रिय आहे.

या प्रांतातील लहान शेते टिकून राहण्यामागे वारसाहक्काचा एक विशेष नियमही आहे. ‘बंद शेत’ म्हणून नोंदलेली जमीन व घर वारसांमध्ये तोडून वाटता येत नाही. ते अखंड स्वरूपात एकाच वारसाकडे जाते आणि इतर भावंडांना पैशांत मोबदला दिला जातो. हा मोबदला बाजारभावाने ठरत नाही, तर शेतीच्या उत्पन्नाच्या आधारे ठरतो. इटालियन राजवटीने १९२९ मध्ये रद्द केलेली ही जुनी तिरोली प्रथा १९५४ च्या प्रांतिक कायद्याने पुन्हा अमलात आली. एवढ्याशा शेतीवर कुटुंबाचा निर्वाह होणे कठीण असते. पाहुण्यांच्या उत्पन्नामुळे वारसाला शेत न विकता तेथेच राहणे शक्य होते.

दक्षिणेकडील पुलीया प्रदेशात ‘मास्सेरिया’ नावाचे तटबंदीचे जुने शेतवाडे आहेत. त्यांपैकी काहींचे आग्रितुरिस्मोत आणि काहींचे महागड्या हॉटेलांत रूपांतर झाले आहे. सार्दिनियात मेंढपाळी, मेंढीच्या दुधाचे चीज आणि एकत्र पंगतीचे जेवण ही वैशिष्ट्ये आढळतात.

आर्थिक व सामाजिक परिणाम

पाहुण्यांच्या मुक्कामातून मिळणाऱ्या पैशांइतकाच महत्त्वाचा लाभ थेट विक्रीचा असतो. वाइन, तेल, चीज व मुरंबे शेतावरच विकले गेल्यामुळे मध्यस्थांची साखळी टळते. घरी परतलेले पाहुणे पुढेही माल मागवतात. ज्या वर्षी गारपीट किंवा भावातील घसरण यांमुळे पीक हातचे जाते, त्या वर्षी निवासाचे उत्पन्न कुटुंबाला आधार देते.

आग्रितुरिस्मोंपैकी साधारण एक तृतीयांश शेतांच्या प्रमुख स्त्रिया आहेत. पूर्वी घरकाम म्हणून गणला न जाणारा स्वयंपाक व पाहुणचार हा येथे नोंदलेला आणि मोबदला मिळवून देणारा व्यवसाय झाला. याची दुसरी बाजूही आहे. द्राक्षतोडणीसारख्या गर्दीच्या कामाचे आणि पाहुण्यांच्या येण्याचे दिवस अनेकदा एकच असतात. त्यामुळे कुटुंबावर, त्यातही स्त्रियांवर, दुहेरी भार पडतो.

टीका

या व्यवस्थेवरील सर्वांत जुना आक्षेप नावापुरत्या शेतीचा आहे. थोडी ऑलिव्हची झाडे राखून प्रत्यक्षात उपाहारगृह किंवा पोहण्याच्या तलावासह आलिशान विश्रामगृह चालवायचे आणि करसवलत मात्र शेतकऱ्याची घ्यायची, असे प्रकार होतात. कामाच्या तासांचे कोष्टक कागदावर तपासता येते. पण ताटातील भाजी खरोखर त्याच शेतातील आहे की नाही, हे तपासणे अवघड असते. हॉटेल व उपाहारगृह चालकांच्या संघटना याला असमान स्पर्धा म्हणतात.

दुसरा आक्षेप विषम वाटणीचा आहे. प्रसिद्ध शहरे व निसर्गरम्य टेकड्या यांच्या जवळच्या शेतांना पाहुणे मिळतात. अंतर्गत डोंगराळ भागातील ज्या गावांना ही जोड सर्वाधिक हवी आहे, तेथे रस्ते व वाहतूक अपुरी असल्याने ते पोहोचत नाहीत. तिसरा आक्षेप असा की, लोकप्रिय भागांत जुन्या शेतघरांच्या किमती इतक्या वाढल्या की नव्याने शेती करू इच्छिणाऱ्या तरुणांना ती घेणे परवडत नाही. ज्या इमारती शेतकऱ्यासाठी वाचवायच्या होत्या, त्या त्याच्या आवाक्याबाहेर गेल्या, हा या व्यवस्थेतील अंतर्विरोध मानला जातो.

इतर देशांतील तत्सम व्यवस्था

फ्रान्समध्ये ‘जीत’ या नावाने ओळखली जाणारी ग्रामीण सुट्टीची घरे १९५० च्या दशकात सुरू झाली आणि त्यांचा राष्ट्रीय महासंघ १९५५ मध्ये स्थापन झाला. जीत चालवणारा शेतकरीच असला पाहिजे, अशी अट नाही. प्रत्यक्ष शेतीवरील पाहुणचारासाठी तेथील कृषी मंडळांनी १९८८ मध्ये वेगळे बोधचिन्ह सुरू केले. ऑस्ट्रिया व जर्मनीत शेतघरी सुट्टी घालवण्याची पद्धत जुनी असून आल्प्समधील दुग्धव्यवसाय करणारी कुटुंबे तिचा कणा आहेत. ब्रिटनमधील शेतकऱ्यांची या क्षेत्रातील संघटना १९८३ पासून कार्यरत आहे. न्यूझीलंडमध्ये मेंढपाळीच्या विस्तीर्ण शेतांवर असा मुक्काम मिळतो. १९७१ मध्ये इंग्लंडमध्ये सुरू झालेली ‘वूफ’ ही चळवळ मात्र निराळी आहे. तीत पाहुणा पैसे देत नाही. सेंद्रिय शेतीवर काम करून त्या बदल्यात निवास व भोजन मिळवतो.

महाराष्ट्रातील कृषी पर्यटनाशी तुलना

महाराष्ट्रात २००५ च्या सुमारास बारामती परिसरातून संघटित कृषी पर्यटनाला चालना मिळाली आणि राज्य शासनाने २०२० मध्ये कृषी पर्यटन धोरण जाहीर केले. शेतीला जोडधंदा आणि शहरी मुलांना शेतीची ओळख, ही दोन्हीकडील उद्दिष्टे समान आहेत. फरक मुख्यतः सुट्टीच्या स्वरूपात आहे. महाराष्ट्रात सकाळी येऊन न्याहारी, बैलगाडीची फेरी, पिठलं-भाकरीचे जेवण किंवा थंडीत हुरडा आणि संध्याकाळी परत, अशी एक दिवसाची सहल अधिक प्रचलित आहे. इटलीत मुक्कामी सुट्टी अधिक प्रचलित आहे. मराठीत ‘फार्महाऊस’ या शब्दाने बहुधा शहरातील व्यक्तीचे शेतजमिनीवरील सुट्टीचे घर सूचित होते. आग्रितुरिस्मोची कायदेशीर व्याख्या नेमकी अशा घरांना वगळण्यासाठी आहे.

भारतातून जाणाऱ्या प्रवाशांच्या दृष्टीने काही बाबी लक्षात घेण्यासारख्या आहेत. शेंगेन व्हिसाच्या अर्जासोबत निवासाचा पुरावा द्यावा लागतो; आग्रितुरिस्मोमधील आरक्षणाची लेखी पुष्टी त्यासाठी उपयोगी पडते. इटलीतील इतर निवासस्थानांप्रमाणे येथेही पाहुण्यांची ओळखपत्रे तपासून त्यांची माहिती पोलिसांना कळवणे यजमानावर बंधनकारक आहे. बहुतेक शेते रेल्वेस्थानकापासून दूर असतात. भाड्याने मोटार घेऊन ती स्वतः चालवायची असल्यास भारतीय परवान्यासोबत आंतरराष्ट्रीय वाहनपरवाना बाळगावा लागतो.

हेही पहा

कृषी पर्यटन
ग्रामीण पर्यटन
तोस्काना
दक्षिण तिरोल